नावापुढचा झेंडा

दिल्लीची गाडी दोन तास लेट होती. नाना, म्हणजे माझे वडील, त्यावर वैतागले तर नाहीतच, उलट खूष झाले. पिशवीतून त्यांनी चुंबकाचा छोटा पट काढला, माझ्या मोठ्या बॅगेवर ठेवला आणि म्हणाले, “चल, एक डाव सहज होतो.” मी बावीस वर्षांचा ग्रँडमास्टर, जर्मनीतल्या एका क्लबाकडून लीग खेळायला निघालेला. परदेशी स्पर्धा आधी खेळलो होतो, पण खिशात परतीचं तिकीट नसलेला हा पहिलाच प्रवास. आई बाकावर पराठ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि दर पाच मिनिटांनी डोळे पुसत होती.

झाशीत कुठंही पट मांडला की सल्ला फुकट मिळतो. बघता बघता दहाएक माणसं जमली. एका चहावाल्यानं किटली खाली ठेवली आणि मला म्हणाला, “काए भैया, घोड़ा काए नईं चलत?” नानांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो त्यांच्या वर्गात असता तर बाकावर उभाच राहिला असता. डाव मध्यावर आला आणि गाडीची घोषणा झाली. धावपळ, बॅगा, आईचं रडणं. नाना मात्र खिडकीशी उभे राहून पटाकडेच बघत होते. “माझी चाल बाकी आहे,” ते म्हणाले, “विचार करून रविवारी फोनवर सांगतो.” गाडी हलली तरी त्यांनी हात हलवला नाही. मोहरे सरकू नयेत म्हणून दोन्ही हातांनी पट धरून ठेवला होता. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आपला एकुलता एक मुलगा चाललाय आणि ह्या माणसाला उंटाची पडली आहे, असं वाटलं.

ह्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. त्या रविवारपासून दर रविवारी झाशीच्या दुपारी नाना आपली चाल सांगायचे, मी माझी सांगायचो, आणि एक डाव संपला की दुसरा सुरू व्हायचा. मध्ये एके दिवशी तो फोन थांबला. तो माझ्यामुळे थांबला. तिकडे घरी राहिलेले आणि माझ्यासारखे उठून आलेले, दोघांनाही हे कळावं म्हणून लिहितो आहे. उपदेश करायला माझ्याकडे काही नाही.

आम्ही झाशीचे मराठी. अडीचशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज फौजेबरोबर हिशेबनीस म्हणून आला आणि तिथलाच झाला. आमच्या घरात अजून कपाटाला फडताळ म्हणतात, पण भांडण हिंदीत होतं, कारण मराठीत तेवढा जोर येत नाही. गावाजवळच्या सरकारी कारखान्याच्या कॉलनीत महाराष्ट्रातून बदलीवर आलेली मराठी कुटुंबं होती. ती गणपतीत भेटायची आणि आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसायची. एकदा एका बाईंनी नानांना कौतुकानं विचारलं, “किती वर्षं झाली तुम्हाला इकडे येऊन?” नानांनी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगितलं, “अडीचशे.” आणि बाजारात कुणी “आप लोग तो महाराष्ट्र के हैं ना?” म्हटलं, की नाना तिथल्या तिथं थांबून म्हणायचे, “नहीं जी, हम झाँसी के हैं.” ह्या बाबतीत त्यांना थट्टा चालत नसे.

नाना इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, गणित शिकवायचे. आम्ही सीपरी बाजारात, साहूजींच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानावर, दोन खोल्यांत राहायचो. नानांना दोन व्यसनं होती. एक बुद्धिबळ आणि दुसरं वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्रं लिहिणं. लक्ष्मी ताल ह्या तळ्यात जलकुंभीची पानं माजली, लिहा पत्र. सीपरीच्या चौकात सांड बसला, लिहा पत्र. एरचची बस वेळापत्रकात आहे पण रस्त्यावर नाही, लिहा पत्र. रेघांच्या कागदावर, वळणदार हिंदीत, शेवटी “भवदीय” आणि खाली पूर्ण पत्ता. दहांतलं एक छापून यायचं. त्या दिवशी ते अंक घेऊन खाली साहूजींच्या दुकानात जायचे आणि साहूजी तो मोठ्यानं वाचायचे. छापून आलं म्हणजे ते खरं, आणि नुसतं बोललेलं म्हणजे वारा, असा त्यांचा हिशोब होता.

मला खेळ त्यांनीच शिकवला. हात लावला तोच मोहरा खेळायचा, ही त्यांची पहिली शिकवण, आणि ती पटावरून उतरून सगळ्या घरात पसरलेली. ताटात दुसरी पोळी घेतली आणि अर्धी टाकली, की “हात लावलास ना? मग संपव.” विज्ञानशाखा मी घेतली आणि रडकुंडीला आलो, तेव्हाही तेच. मी ग्रँडमास्टर झालो तेव्हा वर्तमानपत्रात माझा फोटो आला. नानांनी शाळेचा एक जुना कोरा हजेरीपट काढला आणि त्यात तो चिकटवला. पुढं मी कुठंही खेळलो की त्या वर्तमानपत्रात दोन-चार ओळी यायच्या. माझं नाव, पुढं कंसात भारत, मग झाशीचा उल्लेख. त्या ओळी कापून चिकटवायच्या, बाजूला तारीख आणि सही. पोरगा हजर आहे ह्याची नोंद.

जर्मनीत मी राइन नदीकाठच्या एका छोट्या गावात आलो. क्लबाला इकडे फेराइन म्हणतात. आमच्या फेराइनचा अध्यक्ष डीटर, छापखान्यातून निवृत्त झालेला, सहा फुटांचा, मिशीवाला माणूस. त्यानं पहिल्या आठवड्यात मला स्वतःचा जुना कोट दिला. त्यात माझ्यासारखे दोन मावले असते. शनिवार-रविवार लीगचे सामने, आठवड्यात शाळांतून मुलांना शिकवणं. हळूहळू जीभ बदलली. आधी टेर्मिन घेतल्याशिवाय, म्हणजे वेळ ठरवल्याशिवाय, मी कुणाच्या घरी जात नाही. झाशीला साहूजी तर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत हाका मारत यायचे. इथं सुरुवातीला मला वाटायचं, ह्या लोकांना माणसांचा कंटाळा आहे. आता कुणी न सांगता दार वाजवलं तर मीच दचकतो.

खेळाचं म्हणाल, तर पहिली चार वर्षं मी चढत गेलो आणि मग एका पायरीवर बसून राहिलो. भारतात तोवर माझ्यासारखे ढिगानं तयार झाले होते, आणि माझ्या निम्म्या वयाचे. एका खुल्या स्पर्धेत तिकडून आलेल्या तेरा वर्षांच्या मुलीनं मला हरवलं. तिचे पाय टेबलाखाली जमिनीला टेकत नव्हते. हस्तांदोलन करून ती “थँक यू अंकल” म्हणाली. हरण्याचं काही नाही, पण त्या अंकलनं मी दोन दिवस जेवलो नाही. भारताच्या संघात मी कधी येणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक स्पर्धेसाठी व्हिसाच्या रांगा, हे पत्र आणा, तो शिक्का आणा. डीटर म्हणाला, आठ वर्षं झाली तुला इथं, नागरिकत्व घे, आमच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळ. मी घेतलं. खोटं कशाला बोलू, कुणी जबरदस्ती केली नाही. भारतीय पासपोर्टाचं निळं पुस्तक परत केलं, जर्मनीचं लाल पुस्तक मिळालं, आणि खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय यादीत माझ्या नावापुढचा छोटासा झेंडा एका सकाळी बदलला. तिरंग्याच्या जागी दुसरे तीन रंग. मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. मग मुलांना शिकवायला निघून गेलो.

आईला मी सांगितलं. ती म्हणाली, “त्यांना आत्ता नको सांगूस. मी सांगते वेळ बघून.” आमच्या घरातली ही वेळ बघण्याची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. आधी नानांचं बीपी वाढलं होतं. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग पितृपक्ष. मग दिवाळी, सणासुदीला कशाला. असं करत तीन वर्षं गेली. नानांकडे बटणांचा फोन, त्यामुळे यादीबिदी बघण्याचा प्रश्न नव्हता. आणि मी त्या तीन वर्षांत घरी गेलो नाही. कारण हास्यास्पद आहे. मी घरी पोचलो की चहाच्या आधी नाना माझा पासपोर्ट मागायचे आणि चष्मा लावून एकेक शिक्का बघायचे. आर्मेनिया, आइसलंड, स्पेन. प्रत्येक देशाची राजधानी मला विचारायचे, अजूनही. ते लाल पुस्तक मी त्यांच्या हातात कसं देणार होतो? म्हणून दर उन्हाळ्यात एखादी स्पर्धा निघायची. फोनवर नाना म्हणायचे, “खेळ आधी.” आणि मला हायसं वाटायचं.

तिकडे झाशीच्या वर्तमानपत्रात माझी बातमी येणं बंद झालं होतं. साहजिकच होतं. देशाच्या खेळाडूंच्या यादीत मी नव्हतो, तर बातमी कुठून येणार? नानांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, झाशीच्या पोराकडे दुर्लक्ष होतंय. मग लिहा पत्र. एक लिहिलं, उत्तर नाही. दुसरं लिहिलं. रविवारी आपली चाल सांगून झाली की म्हणायचे, “आज पुन्हा एक टाकलं.” मी म्हणायचो, “जाऊ द्या ना नाना.” ते उसळायचे, “जाऊ कसं देऊ? आज तुझी बातमी गाळतात, उद्या अख्खं झाशी गाळतील.” मला तेव्हा बोलता आलं असतं. दर रविवारी बोलता आलं असतं. मी पुढची चाल सांगायचो.

मग एके दिवशी पत्र छापून आलं.

हे मला आईकडून कळलं, आणि नंतर साहूजींकडून. थंडीचे दिवस, सकाळी नऊ-साडेनऊ. साहूजींनी अंक उघडला आणि खालूनच हाक मारली, “मास्साब, छप गई!” नाना स्वेटर अडकवत खाली उतरले. आईला त्यांनी गॅलरीत उभं केलं, ऐकायला. “साहूजी, ज़ोर से पढ़िए.” साहूजींनी नेहमीच्या ठणठणीत आवाजात वाचलं. झाशीच्या मातीतला ग्रँडमास्टर, परदेशात देशाचं नाव काढणारा, त्याच्या यशाची दोन ओळींत नोंद घ्यायला जागा नसावी, ही खेदाची बाब. भवदीय. आणि वाचण्याच्या वेगात साहूजींनी खालची तिरक्या अक्षरातली टीपही वाचून टाकली. पत्रलेखकांनी लक्षात घ्यावं, की संबंधित खेळाडू तीन वर्षांपासून भारताकडून नव्हे, जर्मनीकडून खेळतात. संपादक.

वाचून झाल्यावर काय वाचलं ते साहूजींना कळलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती मोटारींकडे बघायला लागली. साहूजी म्हणाले, “अरे, गलत छप गओ हुइए, मास्साब. आजकाल कछू बी छाप देत.” नानांनी अंक हातात घेतला, चष्मा वर करून टीप स्वतः वाचली, अंकाची नीट घडी केली. “नहीं साहूजी,” ते म्हणाले, “छपा है तो ठीक ही छपा होगा.” मग वर आले. आई दारात उभी होती. तिला त्यांनी काहीही विचारलं नाही. तिचं तोंड बघूनच त्यांना कळलं असणार, की हिलाही माहीत होतं.

त्या रविवारी फोन आला नाही. मी केला, तर आई म्हणाली, “झोपलेत.” पुढच्या रविवारी, “मंदिरात गेलेत.” त्याच्या पुढच्या रविवारी ती नुसतीच रडली. माझ्या टेबलावर आमचा चालू डाव मांडलेला होता आणि चाल नानांची होती. मी रोज त्या पटावरची धूळ पुसायचो, मोहरे न हलवता. पत्र लिहायला बसलो, चार वेळा. ज्या माणसानं तीन वर्षं माझ्यासाठी पत्रं लिहिली, त्याला पत्रात काय लिहिणार? शेवटी जायचं ठरवलं. तर आता स्वतःच्या गावी जायलाही परदेशी नागरिक झालेल्यांचं कार्ड लागत होतं. अर्ज, फोटो, दूतावासाचा टेर्मिन. अर्जावर जन्मस्थान ह्या रकान्यात मी झाशी लिहिलं आणि समोरच्या बाईंनी ते बरोबर आहे का म्हणून दोनदा तपासलं. हे सगळं होईपर्यंत तिकडे एप्रिल उजाडला.

घरी पोचलो. आईनं दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आत नाना खुर्चीत बसले होते. त्या उन्हात, घरात, इस्त्रीचा फुल शर्ट घालून. नाना घरात कधी शर्ट घालत नाहीत. बनियनवर असतात, कुणी बाहेरचं आलं तरच आत जाऊन शर्ट चढवतात. मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, प्रवास कसा झाला विचारलं, आणि स्वतः उठून गादीची खुर्ची मला दिली. पासपोर्ट मागितला नाही. मीच तो काढून मेजावर ठेवला, मनाशी म्हटलं, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते. आईनं चहा आणला. चहा सांडेल म्हणून नानांनी पुस्तक उचललं आणि न उघडता, जपून, खिडकीत ठेवलं. त्यांनी ते भिरकावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी जेवणं झाल्यावर ते आतून मोठा लाकडी पट घेऊन आले. खेळायला बसतायत म्हणजे राग गेला, असं वाटलं. त्यांनी दोन्हीकडचे मोहरे लावले आणि पट माझ्याकडे सरकवला. माझ्यापुढं पांढरे होते.

हे बाहेरच्याला कळायचं नाही म्हणून सांगतो. आमच्या घरची रीत आहे, पांढरे मोहरे पाहुण्याला. पहिली चाल पाहुण्याची. साहूजी आले की त्यांना पांढरे, कॉलेजातले सर आले की त्यांना पांढरे. घरचा माणूस काळ्यांनी खेळतो. मी सहा वर्षांचा असल्यापासून बावीस वर्षांचा होईपर्यंत त्या पटावर काळ्यांनीच खेळलो. लहानपणी हट्ट केला तर नाना म्हणायचे, “तू काय परका आहेस?” बाप-लेकांत कोणाला कुठले, हा प्रश्नच नव्हता. नाना वडील म्हणून पांढरे घ्यायचे.

मी पट उलटा फिरवला. त्यांनी तो पुन्हा फिरवला. “असू दे,” म्हणाले.

“नाना, माझं चुकलं.”

“चुकलं काय त्यात? तिथं राहतोस, तिथलं अन्न खातोस, तिथून खेळायचं. आपला पूर्वज काही झाशीत जन्मला नव्हता. इथं आला, इथला झाला.” ते प्यादी चौकोनाच्या बरोबर मध्ये बसवत होते, एकेक. “झेंडा बदललास, त्याचं मी समजून घेतो. पण मी तीन वर्षं पत्रं लिहीत होतो, आणि तू मला लिहू दिलंस.”

स्वयंपाकघरात आईच्या हातातली भांडी वाजायची थांबली होती.

“खेळ,” नाना म्हणाले. “चाल तुझी आहे.”

ग्रँडमास्टरला पुढच्या पंधरा चाली दिसतात, असं लोक म्हणतात. मला एक दिसत नव्हती. शेवटी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं, कारण हात आपोआप तिकडं जातो. नाना भराभर खेळले. बाराव्या चालीला त्यांनी बरोबरी मागितली. डावात अजून सगळं शिल्लक होतं. पण पाहुण्याशी नाना नेहमी बरोबरीच मागतात, हरवलं तर वाईट दिसतं आणि हरलं तर त्याला संकोच होतो म्हणून. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याशी हात मिळवला. आयुष्यात पहिल्यांदा.

तीन आठवडे राहिलो. ते एकदाही माझ्याशी वाकडं बोलले नाहीत, हेच तर दुःख होतं. भाजी मला विचारून व्हायची. बाजारात बरोबर यायचे, ओळख करून द्यायचे, “ये हमारे बेटे, जर्मनी से आए हैं.” सीपरी बाजारातल्या ज्या वाण्यानं मला चड्डीत पाहिलंय, त्याला. मी म्हटलं, तुम्ही दोघं चला माझ्याबरोबर. नाना हसले, “आणि लक्ष्मी तालाचं कोण बघणार?” आई म्हणाली, “मला तिकडे कोणाशी बोलता येणार?” दोघांचंही बरोबर होतं. मी रुसलेल्याची समजूत काढायची तयारी करून गेलो होतो. तिथं कुणी रुसलेलंच नव्हतं. मला गादीच्या खुर्चीवर बसवून, नीट विचारपूस करून, जेवूखाऊ घालून परत पाठवलं.

इकडे आलो. त्या वर्षी मी वाईट खेळलो. हातातले डाव घालवले, जिंकलेल्या अवस्थेत घड्याळाकडे बघायचं विसरलो. फेराइनमधल्या कुणी काही म्हटलं नाही, ते म्हणत नाहीत. रविवारी फोन व्हायचा, आई बोलायची, मागं टीव्हीचा आवाज. नाना ठीक आहेत, चालायला जातात, काहीतरी लिहीत असतात. काय लिहितात विचारलं तर म्हणाली, “मला कुठं दाखवतात? इंग्रजी डिक्शनरी घेऊन बसतात.”

पानगळीच्या दिवसांत एका शुक्रवारी सरावानंतर डीटरनं मला थांबवलं. मुलं पट आवरून गेली होती. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढला. भारताचं टपाल तिकीट, आणि ते अक्षर मी हजार अक्षरांत ओळखलं असतं. पत्ता होता, अध्यक्ष महोदय, बुद्धिबळ क्लब. आत रेघांचे दोन कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले, इंग्रजीत. नाना हिंदी माध्यमाचे मास्तर. त्यांचं इंग्रजी म्हणजे पाठ केलेल्या अर्जांचं इंग्रजी. डीटरनं चष्मा लावला आणि एकेक शब्द सावकाश वाचून दाखवला. मी इथं मराठीत सांगतो.

“आदरणीय महोदय, आपण मला ओळखत नाही. आपल्या क्लबात जो खेळतो, त्याचा मी पिता. मी वयस्क आहे आणि आपल्या गावी येण्याची शक्यता नाही, म्हणून हे पत्र. बावीस वर्षं तो आमच्याकडे होता. आता तो तुमचा आहे, हे मला वर्तमानपत्रातून समजलं. माझी त्याला हरकत नाही. मात्र काही गोष्टी आपल्याला माहीत असाव्यात. तो मागून वाढून घेत नाही, वाढावं लागतं. ताप आला तर सांगत नाही, खिडकीकडे तोंड करून बसला की समजावं. हरल्यावर एक दिवस त्याच्याशी बोलू नये, दुसऱ्या दिवशी अवश्य बोलावं. तो खोटं बोलत नाही, पण खरं बोलायला त्याला फार वेळ लागतो. तेवढी वाट बघावी. आम्ही बघू शकलो नाही, म्हणजे घाई झाली आमच्याकडून. त्याचं काही चुकलं-माकलं तर आपला समजून पोटात घालावं. आपला विश्वासू.” खाली सही, आणि पूर्ण पत्ता, पिनकोडसकट.

लग्नात मुलगी निघताना बाप व्याह्यांपुढं हात जोडून जे बोलतो, ते हे शब्द होते. शंभर लग्नांत मी ऐकलेत. प्रत्येक वेळी त्या बापाची दया आली, कधी मुलीकडे बघितलं नव्हतं. तिला कुणी विचारलेलं नसतं. ती मान खाली घालून उभी असते, आणि तिच्याबद्दल तिच्यासमोर दोन माणसं ठरवून टाकतात, की ती आता कुणाची.

डीटरनं कागद घडी केले. त्याचे डोळे ओले झाले होते आणि त्याला त्याची लाज वाटत होती. मी म्हटलं, हे पत्र माझ्याकडे दे. तो म्हणाला, नाही, हे मला आलेलं आहे. मग म्हणाला, पत्र येऊन तीन आठवडे झाले, तुला कसं दाखवावं कळत नव्हतं. पण उत्तर मी त्याच दिवशी पाठवलं.

“काय लिहिलंस?”

“काय लिहिणार? लिहिलं, की काळजी करू नका. तो आमचाच आहे.”

मला ओरडायचं होतं, की तू कोण सांगणारा. पण तो चांगुलपणानं बोलला होता. तिकडे नानाही चांगुलपणानंच बोलले होते. दोन चांगली माणसं, एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नाही, आणि त्यांनी आपसांत माझा निकाल लावून टाकला होता. पटावर माझ्यापुढं अशी अवस्था आली असती तर मी राजा आडवा केला असता. इथं आडवं करायलाही हातात काही नव्हतं.

तेव्हापासून मला कुणी घर कुठं म्हणून विचारलं की मी झाशी म्हणतो, आणि म्हणताना वाटतं, की आपण खोटं सांगतोय. झाशीला मी जाईन, दरवर्षी जाईन. तिथं मला गादीची खुर्ची मिळेल. घर म्हणजे आता ती जागा आहे, जिथून मला रीतसर, सही करून, दुसऱ्यांच्या हवाली केलंय. ज्यांनी केलं त्यांच्यावर रागावता येत नाही, कारण आधी मी स्वतःच त्यांना न सांगता झेंडा बदलून निघून आलो होतो.

त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी फोन नानांनी उचलला. इतक्या महिन्यांनी फोनवर त्यांचा आवाज ऐकत होतो.

“तुमच्या अध्यक्षांचं उत्तर आलं,” ते म्हणाले. “छोटंच आहे, पण टाइप केलेलं आहे. सही शाईची. साहूजींना वाचून दाखवलं मी.”

“नाना...”

“बरी माणसं दिसतात,” नाना म्हणाले. “त्यांना दुखवू नकोस. आता तिथं नीट राहा.”

मी हो म्हटलं. त्यांनी फोन आईकडे दिला.